प्रश्नोत्तराच्या तासातला चहा

मी एका माणसाला चहाला बसवलं आणि त्याचं नाव घालवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आई होती तोवर आईला नाही, आणि ज्यांचं नाव गेलं त्यांना तर नाहीच. ते गेल्या श्रावणात वारले. खांदा द्यायला मीही होतो.

त्यांना सगळे सर म्हणत. शिवाजी पेठेतल्या एका शाळेत त्यांनी उभं आयुष्य भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर विद्यार्थ्यांनीच धरून-बांधून त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि कुणाचा विश्वास बसला नाही तरी ते आमदार झाले. मीही त्यांचा विद्यार्थी. निवडून आल्यावर थोड्याच दिवसांत ते स्कूटरवरून कसबा बावड्याला आमच्या घरी आले, कट्ट्यावर बसले आणि म्हणाले, "मला एक माणूस पाहिजे. फार हुशार नको. खोटं न बोलणारा पाहिजे."

आई आतून म्हणाली, "मग ह्यो चालंल की. ह्याला धड बोलायलाच येत न्हाई, खोटं कुठनं बोलतोय?"

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मी त्यांचा पीए झालो तो असा, आईच्या शिफारशीवर.

आमदाराच्या पीएला काय काय सांभाळावं लागतं ते लिहीत बसलो तर संपायचं नाही. दाखले, दवाखाने, बदल्या, बारशी, मयती. पण सरांची एक रीत होती, ती दुसऱ्या कुठल्या आमदाराकडं मी पाहिली नाही. अधिवेशन उरकून आलं की पुढच्या रविवारी सकाळी ते पेठेतल्या तालमीच्या पटांगणात बाकडं टाकून बसायचे. शेजारी शाळेतून मागून आणलेला फळा. या अधिवेशनात आपल्याला कोण कोण भेटलं आणि कशासाठी, हे सगळं त्या फळ्यावर. अमुक संघटना, तमुक कंपनीचा माणूस, सरांचा सख्खा मेहुणासुद्धा. "मेहुणा, वाळूच्या ठेक्यासाठी. नाही म्हटलं." हे वाचून पेठ हसून लोळली होती आणि मेहुण्यानं पुढं दोन दिवाळ्या तोंड दाखवलं नव्हतं. पेठेत या कार्यक्रमाला झाडाझडती म्हणत. पैलवान, पोरं, मंडईतून पिशव्या घेऊन परतणाऱ्या बायका, कुणीही थांबावं आणि काहीही विचारावं.

सर म्हणायचे, "भेटायला कुणाला बंदी नाही. कंपनीवाल्यालाही तोंड आहे, त्यानं बोलावं. फक्त तो काय बोलला ते गावाला कळलं पाहिजे."

फळा लिहायचं काम माझं. माझं अक्षर सरांना शाळेपासून आवडायचं.

त्या वर्षांत माझी बायको जिल्ह्याच्या पार दक्षिण टोकाला, चंदगडच्याही पुढं, जिल्हा परिषदेच्या शाळेत होती. तिथली पोरं निम्मं कानडी बोलायची, तिला अक्का म्हणायची. ती तिथंच खोली घेऊन राहायची. शनिवारची सकाळची शाळा करून एसटीनं यायची, सोमवारी उजाडायच्या आत परत. मुलगी चार वर्षांची, माझ्या आणि आईच्या अंगावर. एका शनिवारी बायको पिशवी घेऊन दारात आली तर मुलगी उंबऱ्यात उभी राहून आत ओरडली, "आजी, पावणं आलं."

आमच्याकडं घरी येणाराही पावणा आणि रस्त्यात भेटणाराही पावणा. पोरीनं जे ऐकलं होतं ते बोलली. आई हसली, शेजारीण हसली, बायकोही हसली. मग पाय धुऊन येते म्हणून मोरीत गेली ती बराच वेळ बाहेरच आली नाही. नुसता नळाचा आवाज येत राहिला.

मी सरांकडं बदलीचा विषय काढला. त्यासाठी मला किती दिवस लागले ते माझं मला माहीत. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुझ्यासाठी शब्द टाकला तर उद्या दारात येणाऱ्या बाईला काय सांगू रे? यादीत जिचा नंबर वर आहे तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "बरोबर आहे सर." खरंच बरोबर होतं. त्यानंतर दर शनिवारी दुपारी ते मला आपणहून उठवायचे. "जा, स्टँडवर जा. बायको येईल. पोरीलाही घेऊन जा, तिला एसटीतनं उतरणारी आई दिसू दे." त्यांच्या हातात होतं तेवढं त्यांनी दिलं. मला ते पुरलं नाही.

राधानगरीच्या बाजूला डोंगराच्या कुशीत एक वस्ती आहे, सरांच्याच मतदारसंघात मोडणारी. भाताची खाचरं, दारात म्हशी, आणि वर दगडाची खाण. खाणीत सुरुंग लागायचे ते भर दुपारी, अंगणवाडीच्या वेळेत. अंगणवाडीच्या भिंतीला चीर गेली होती, आणि एकदा दगड कौल फोडून आत, पोरं झोपतात त्या सतरंजीवर पडला. पोरं नेमकी हात धुवायला बाहेर होती. अंगणवाडीच्या बाई आणि त्यांचे सासरे तो दगड फडक्यात बांधून आमच्या कार्यालयात घेऊन आले. सासऱ्यांनी तो सरांच्या टेबलावर ठेवला.

"एवढा एकच आणलाय सर. बाकीचं तिथंच हायत, बघायला या."

सर गेले. सुरुंगाचा भोंगा झाला तशी पोरं कुणी न सांगता दोन्ही हात कानावर ठेवून भिंतीपासून लांब जाऊन बसली. परतताना गाडीतच सरांनी मला प्रश्नाचा मजकूर सांगितला. त्या हिवाळी अधिवेशनासाठी त्यांनी तारांकित प्रश्न दिला. अशा प्रश्नाला मंत्र्याला सभागृहात उभं राहून उत्तर द्यावं लागतं. खरी ताकद मात्र त्यानंतरच्या उपप्रश्नांत असते. कागदावर "हे खरे नाही" असं छापून आणता येतं. समोर उभा राहून कुणी विचारत सुटलं की पळता येत नाही. फक्त पुकारा होईल तेव्हा ज्याचा प्रश्न तो आमदार जागेवर पाहिजे. नसला तर पुढचा प्रश्न घेतात आणि छापील उत्तरावर विषय मिटतो. या प्रश्नावर सरांची एकट्याचीच सही होती. बाकीच्या आमदारांनी "बघू की" म्हटलं होतं.

नागपूरला निघायच्या आधी माझा एक वर्गमित्र घरी आला. शाळेत माझ्याच बाकावर बसायचा. आता बऱ्याच कंपन्यांची सरकारदरबारची कामं बघायचा, खाणवाल्यांचीही. माणूस गोड. आईच्या पाया पडला, मुलीला उचलून घेतलं. पैशाचं त्यानं नावसुद्धा काढलं नाही. काढलं असतं तर मी त्याला हाकललं असतं, असं मला अजून वाटतं. म्हणूनच त्यानं काढलं नसावं.

"वहिनी अजून तिकडंच व्हय?" तो म्हणाला. "बदलीचं टेबल कुणाकडं हाय मला म्हाईत हाय. ह्या महिन्यात हुतंय ते काम."

मी मुलीला त्याच्या कडेवरून माझ्याकडं घेतलं.

"प्रश्न मागं घे म्हणत न्हाई मी. सर ऐकणार न्हाईत, आणि तुला ते जमायचं न्हाई. पुकाऱ्याच्या टायमाला सर बाहेर असले म्हंजे झालं. बाहेर काय, माणसं भेटायला येतातच की."

मी काही बोललो नाही. माझ्या गप्प बसण्याचं आईनं कौतुक केलं होतं, सरांनी त्याच्यावर विश्वास टाकला होता. त्या दिवशी वर्गमित्रानंही त्यातनं हवं ते घेतलं. जाताना माझ्या पाठीवर थाप मारून गेला.

अंगणवाडीच्या बाई आणि सासरे नागपूरला आले. एवढ्या लांब, रेल्वेच्या जनरल डब्यातून, आपला प्रश्न कसा विचारतात ते बघायला. प्रेक्षक गॅलरीचे पास मीच काढून दिले. बाईंनी भाकरी आणि खर्डा आणला होता. मला म्हणाल्या, "तुमी खा की भाऊ, तुमचं तोंड उतरलंय. थंडी बाधली काय?"

आमचा प्रश्न चौथा होता. पहिल्याच प्रश्नावर सभागृहात गोंधळ सुरू झाला. मी आत चिठ्ठी पाठवली, की कोल्हापूरचे निवृत्त शिक्षक पेन्शनसाठी आले आहेत, दोन मिनिटं बाहेर या. शिक्षक खरेच होते. त्यांना ती वेळ मी दिली होती. सर आले, उपाहारगृहाच्या कोपऱ्यातल्या टेबलावर बसले. शिक्षकांशी बोलताना त्यांना वेळेचं भान राहत नसे हे मला ठाऊक होतं. तरी मध्येच त्यांनी मान वळवून विचारलं, "कुठवर आलंय रे?"

मी म्हटलं, "अजून पहिल्यावरच चाललंय सर. चहा घ्या."

चहा आला. दुसरा आणि तिसरा प्रश्न झटक्यात निघाले, कारण ते विचारणारेही जागेवर नव्हते. वर्गमित्रानं मला तसं आधीच सांगून ठेवलं होतं. सर बशीत चहा ओतून फुंकर मारत होते. घरात प्यायचे तसेच. ती फुंकर मला अजून ऐकू येते. कुणीतरी धावत आलं आणि म्हणालं, "सर, तुमचा पुकारा होऊन गेला." सर बशी तशीच ठेवून धावले. त्या वयाचा माणूस धावताना बघवत नाही.

वर गॅलरीत बाई आणि सासऱ्यांनी सरांच्या नावाचा पुकारा ऐकला होता आणि रिकामी जागा बघितली होती. बाहेर भेटल्यावर म्हाताऱ्यांनी सरांकडं नुसतं बघितलं.

सर म्हणाले, "चुकलं माझं."

"व्हय," म्हातारे म्हणाले आणि सुनेला म्हणाले, "चल."

छापील उत्तर आलं. "हे खरे नाही." "प्रश्न उद्भवत नाही." खाण चालू राहिली. अंगणवाडी देवळाच्या सभामंडपात हलली.

परत आल्यावर रविवारी झाडाझडती. सकाळी लवकर मी फळा लिहायला गेलो. कोण कोण भेटलं ते लिहीत गेलो. वर्गमित्र सरांना भेटला नव्हता, मला भेटला होता. फळ्यावर फक्त सरांच्या भेटी लिहायच्या असतात, असं मी स्वतःला सांगितलं आणि खडू ठेवला. सर आले, फळा वाचला, खडू उचलला आणि सगळ्यात खाली स्वतः लिहिलं: "खाणीचा प्रश्न. चहाला बसलो. पुकारा चुकला."

पटांगण गच्च भरलं होतं. पेपरात येऊन गेलं होतं ना.

"चहा लई महागाचा दिसतोय सर," एक पैलवान म्हणाला. "कुठल्या हाटेलात मिळतोय? आमी बी जातो की."

हशा झाला. सरही हसायला गेले, पण जमलं नाही.

एक बाई म्हणाल्या, "सर, पोरांवर दगूड पडतोय आणि तुमी चा पीत बसलासा?"

"हो," सर म्हणाले. "बसलो. याच्यापेक्षा वेगळं कारण माझ्याकडं नाही. असतं तर सांगितलं असतं."

"आणि तुमचा पीए काय करत हुता? त्यानं उठवायचं न्हाई व्हय?"

मी फळ्याजवळच उभा होतो. सर माझ्याकडं न बघता म्हणाले, "त्याचं काम तो चोख करतो. त्याला मध्ये आणू नका. जागेवर मी नव्हतो."

त्या वेळी मी बोलायला पाहिजे होतं. हातात खडू होता, समोर फळा होता, सगळी पेठ होती. मी फडकं घेतलं आणि हाताची पूड झटकली.

त्याच महिन्यात बायकोची बदली बावड्याजवळच्या शाळेत झाली. सर स्वतः पेढे घेऊन घरी आले. चुकलेल्या प्रश्नानंतर मी त्यांना पहिल्यांदा एवढं खुशीत बघितलं. बायकोला म्हणाले, "बघा, रांगेनं झालं ना? आता ताठ मानेनं शिकवा." पुढं कितीतरी जणांना त्यांनी आमचं उदाहरण दिलं, की माझ्या पीएच्या बायकोचीसुद्धा बदली तिच्या नंबरानं झाली, मी शब्द टाकला नाही. ते मी शेजारी उभा राहून ऐकायचो.

मुलगी आईच्या हाताला धरून शाळेत जाऊ लागली. आमच्या घरात त्या वर्षांत जे सुख होतं ते खोटं होतं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. संध्याकाळी दोघी एकाच ताटात जेवायच्या, मुलगी आईच्या पदराला हात पुसायची. ते खरंच होतं. फक्त त्याची किंमत मोजणारी पोरं देवळात बसत होती.

पुढच्या निवडणुकीला सर पडले. पडायला दहा कारणं असतात. पण प्रचारात एका गावात कुणीतरी स्टेजवर कपबशी आणून ठेवली होती आणि सरांनी ती मुकाट्यानं बाजूला सरकवली होती, एवढं मी विसरत नाही. पडल्यावर ते घरीच असत. बायको दर सणाला त्यांना जेवायला बोलवायची. त्यांचे गुडघे गेल्यावर डबा पाठवायची. शेवटी शेवटी मी त्यांना दुपारी पेपर वाचून दाखवायचो. विधानसभेची बातमी आली की ते डोळे मिटून ऐकायचे आणि विचारायचे, "प्रश्न कुणाचा होता? होता का तो जागेवर?" मी वाचत राहायचो. मी काय केलं ते त्यांनी ओळखलं होतं की नव्हतं, मला माहीत नाही. ते कळून घ्यायचा एकच मार्ग होता आणि मी रोज त्यांच्या शेजारी बसून तो टाळला.

सर गेले त्या दिवशी मी अंगणवाडीच्या बाईंना फोन केला. त्यांचा नंबर माझ्याकडं होताच. त्या म्हणाल्या, "बरं. सांगितलासा ते बरं केलासा." वस्तीवरून कुणी आलं नाही. निवडून आले तेव्हा याच वस्तीनं सरांना खांद्यावर घेऊन गावभर फिरवलं होतं. मला ती रिकामी जागा सोसली नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

हे कुणाला सांगितलेलं नाही असं सुरुवातीला लिहिलं, तेव्हा ते खरं होतं. आता नाही. इथवर लिहून झाल्यावर काल दुपारी मी हे बायकोला वाचून दाखवलं. ती शेंगा सोलत होती. मध्येच हात थांबला, परत सुरू झाला. वाचून झाल्यावर मला वाटलं ती सरांबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, "यादीत माझ्यापुढं कोण होतं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"मला माहिताय." ती सोललेल्या शेंगांकडं बघत होती. "शेजारच्या गावातली बाई. सासू अंथरुणाला होती तिची, इकडं. माझी ऑर्डर आली तेव्हा तिनंच माझं सामान एसटीत चढवलं. म्हणाली, तुझं झालं, आता माझंबी हुईल. पुढं पाच वर्षं झालं नाही तिचं."

मी काहीतरी बोलायला गेलो तर तिनं हात वर केला.

"मी एवढी वर्षं सरांना नैवेद्याचं ताट पाठवत होते. एकदा जरी बोलला असतास तर मी गेले असते परत तिकडं. पोरीला घेऊन गेले असते." मग जरा मऊ आवाजात, "पोरगी पावणं म्हणाली ते तुला एवढं लागलं होतं व्हय? मला वाटायचं मलाच लागलंय."

ती उठली, टरफलं सुपात भरली. दारात थांबून म्हणाली, "त्या बाईकडं मी जाते. ते माझं मी बघते. वस्तीवर तू जा. आणि हे नुसतं पेपरात छापून आणलंस तर चालणार नाही. तिथं पेपर कोण वाचतंय?"

तिचं बरोबर आहे. मी अजून गेलेलो नाही. खाण दगड संपल्यावर आपोआप बंद पडली, म्हातारे थकलेत पण आहेत, बाई अजून त्याच देवळात पोरं सांभाळतात. सरांनी कुणाकडून काही घेतलं नव्हतं. घेतलं ते मी. हे त्या वस्तीवर जाऊन, त्या दोघांसमोर उभं राहून, तोंडानं सांगणं मी अजून देणं लागतो.